पहिल्या सहा जागा

काल हिंजवडीत एका भल्या पोरानं वर्षाला पडद्यावर उभं केलं आणि अख्खा हॉल हसला. वर्षा तिथे नव्हती. ती यवतमाळला असते, हे त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणाला ठाऊकही नव्हतं. ते हसणं अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून आज रविवारी सकाळी, काही काम नसताना, मी शनिवार पेठेत येऊन उभी आहे, आणि ज्या दारासमोर उभी आहे तिथे आता केकचं दुकान आहे.

केक! काचेमागे निळ्या रंगाचा, वर साखरेची मोटार ठेवलेला. इथे आमचं सायबर कॅफे होतं. पायरी तेवढी जुनीच आहे, मधोमध झिजलेली शहाबादी फरशी. बाकी सगळं खरवडून काढलंय. मला भयंकर राग आलाय. तो केकवाल्यावर नाही हे मला कळतं, पण आत्ता समोर तोच आहे.

या पायरीवर चपला, बूट काढायचे. त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला घालून जाणं म्हणजे पाप होतं. धूळ आत गेली तर यंत्र बिघडेल, असं सगळे मानायचे, आणि त्यासाठी पावसाळ्यात सगळे ओले मोजे घालून आत बसायचे. पडद्यांच्या पाठी तापलेली धूळ, दामलेकाकांची उदबत्ती, शेजारच्या मेसमधली कांद्याची फोडणी आणि ते मोजे, असा सगळा मिळून एक वास होता. आज कुठे कधी नुसता गरम झालेल्या वायरचा वास आला तरी मला तो बाकीचा सगळा वास आपोआप येतो.

दामलेकाका कॅफेचे मालक, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. "आयुष्यभर लोकांना लाइन दिली नाही, आता तीच विकतोय," असं स्वतःच सांगायचे. मोडेम लावला की आधी शिट्टी, मग घोगरी खरखर, मग शांतता. शांतता झाली की काका मान वर न करता म्हणायचे, "लागलं. आता देशाचं भलं करा." आणि आम्ही दोघी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसून देशाचं भलं करायला लागायचो.

दोघी म्हणजे मी आणि वर्षा. मी इथलीच, पुण्याची. ती यवतमाळहून आलेली, याच गल्लीत मागच्या बाजूला इतर मुलींबरोबर एका खोलीत कॉट बेसिसवर राहायची. एरंडवण्यातल्या एका बंगल्यात आमची कंपनी होती. गॅरेजात रिसेप्शन, माजघरात मशीन, आणि जिथे पूर्वी देवघर असावं तिथे साहेबांची काचेची केबिन. देश उघडलाय असं पेपरात रोज यायचं, आणि उघडलेल्या देशातून परदेशी बँकांचं जुनं काम आमच्याकडे यायचं. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले होते. नव्याण्णवच्या पुढे शून्य शून्य आलं की सगळं कोसळणार, अशी जगाला धडकी भरली होती. ते दोन आकडे शोधून तिथे चार करायचे, हे वर्षाचं काम. त्यासाठी ती कोबोल शिकली होती. कोबोल म्हणजे बँकांच्या संगणकांची जुनी भाषा, आमच्या जन्माच्याही आधीची.

कोबोलला आम्ही सगळे नावं ठेवायचो. मी सी भाषेत काम करायचे आणि त्याची मला घमेंड होती. वर्षाला मात्र कोबोल मनापासून आवडायची. "हिला रीतभात आहे," ती म्हणायची. "एकदम कामाला नाही भिडत. आधी नावगाव सांगते, घरात काय काय सामान आहे ते सांगते, मंग कामाची गोष्ट." आणि खरंच तसं होतं. पहिल्याच विभागात लिहिणाऱ्याचं नाव टाकायची सोय होती. मी पुढे कितीतरी भाषा शिकले, पण बाई तू कोण, असं विचारणारी मला दुसरी भेटली नाही.

मग आम्हाला एक वेबसाइट सापडली, कशी ते आता आठवत नाही. कुठल्याशा देशातला एक म्हातारा प्राध्यापक ती एकट्यानं चालवायचा. एकच काम घ्यायचं आणि ते जगातल्या शक्य तितक्या भाषांत करून एका पानावर शेजारी शेजारी मांडायचं. ओळ उलटी करा. लीप वर्ष ओळखा. नावं अक्षरांच्या क्रमानं लावा. जगभरातून लोक आपापल्या भाषेतलं उदाहरण ईमेलनं पाठवायचे, आणि म्हातारा प्रत्येकाच्या खाली त्याचं नाव आणि गाव छापायचा. फिनलंडमधला कोणी, ब्राझीलमधला कोणी. राखाडी पान, निळी अक्षरं, चित्र एकही नाही. आणि ज्या भाषेत कोणी काही पाठवलेलं नसेल तिथे एक ओळ असायची, की या भाषेत अजून कोणीही पाठवलेलं नाही.

ती ओळ वर्षाला सहन व्हायची नाही. कोबोलच्या रकान्यात पानामागून पान तीच ओळ. "पंगतीत एक पान रिकामं ठेवून बाकीचे जेवायला बसून राहिले," ती चिडून म्हणायची. मी म्हणायचे, अगं, त्या भाषेला कोण विचारतं आता? "मी विचारते न," ती म्हणायची. झालं. दर रविवारी सकाळी गाडीवर पोहे खायचे, ("तुमच्या पुण्याचे पोहे म्हणजे तापातल्या माणसाचं जेवण आहे बाप्पा. वरून झणझणीत तर्री कुठी आहे?") आणि मग इथे येऊन चपला काढून कोबोलचं एक रिकामं पान वाढायचं.

तिनं पाठवलेलं पहिलं उदाहरण नावं क्रमानं लावायचं होतं. इतरांनी यादीत सफरचंद, केळं असलं काहीतरी घातलं होतं. तिनं खोलीतल्या मुली घातल्या. संगीता, ज्योती, मंगल, आणि मेस चालवणाऱ्या सिंधूकाकू. सिंधूकाकूंना हे सांगितलं तर त्या घाबरल्या, "अगं, माझं नाव कशाला घालतेस त्या इंटरनेटवर, पोलीस येतील." पोलीस आले नाहीत. प्राध्यापकाचं उत्तर आलं, की वर्षा मॅडम, आपलं उदाहरण चालत नाही. ओळी चुकीच्या जागेपासून सुरू होताहेत.

चूक आमची नव्हती. कोबोल जन्मली तेव्हा प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहायचे. प्रत्येक ओळीच्या पहिल्या सहा जागा कार्डाच्या नंबरासाठी राखलेल्या. यंत्र त्या वाचतच नाही. तिथे काहीही असो, नसो, त्याला देणंघेणं नाही. पुढे कार्डं गेली तरी त्या सहा जागा मोकळ्या सोडायची रीत राहिली. आणि वेबसाइटचं पान ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गिळून टाकायचं. ऑफिसात चालणारा प्रोग्रॅम पानावर गेला की लंगडा. वर्षा स्पेसबार बडवत बसायची. काउंटरवरून काका म्हणायचे, "अहो, ती पट्टी आहे. पोळपाट नाही."

मग एका रविवारी मी म्हटलं, मोकळं गिळतं ना ते पान? मग मोकळं ठेवूच नको. कार्डांवर असायचे तसे आकडे घाल त्या सहा जागांत. वर्षा माझ्याकडे बघत राहिली. "आकडे काहून?" ती म्हणाली. "हप्ताभर आकडेच तर टाकून राहिली मी." आणि ती बोटांवर मोजायला लागली. व्ही, ए, आर, एस, एच, ए. बरोबर सहा. तिनं हात हवेत तसाच धरला आणि अशी हसली, की काकांनी पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वर्षा. वर्षा, मग काम. वर्षा, मग काम. यंत्राला ती दिसत नव्हती, पण तिच्यामुळे ओळ जागेवर राहत होती. प्राध्यापकाचं उत्तर आलं, मॅडम, चाललं, आणि मला आयुष्यात इतकं हसायला आलं नव्हतं. त्यानं ते जसंच्या तसं छापलं. खाली वर्षा ढोके, पुणे. पुणे लिहिलेलं पाहून तिनं पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यानंतर एकेक करत कोबोलचे सगळे रिकामे रकाने भरले. सगळीकडे तीच युक्ती.

ते दिवस आठवले की मला गोड वगैरे काही वाटत नाही. संताप येतो. कारण पुढचं मला माहीत आहे.

नवं साल उजाडलं आणि काहीच झालं नाही. बँका चालू, विमानं आकाशात, दिवे लागलेले. काही झालं नाही कारण वर्षासारख्या पोरींनी ओळ न् ओळ तपासून ते होऊ दिलं नव्हतं. पण काही झालं नाही म्हटल्यावर लोक म्हणाले, बघा, उगाच बाऊ केला होता. पेपरात विनोद आले. ज्यांच्यामुळे घर जळलं नाही त्यांनाच विचारायचं, आग लागली होतीच कुठे? आणि मग एकेका कोबोलवाल्याला काचेच्या केबिनमध्ये बोलावणं यायला लागलं. वर्षा आत गेली आणि चहा गार व्हायच्या आत बाहेर आली. "काय म्हणाले?" मी विचारलं. "चांगलं बोलले," ती म्हणाली. "म्हणे, तुम्ही नसल्यानं प्रोजेक्टला काही फरक पडत नाही." तिला ते वाक्य पुरतं लागलेलंही नव्हतं. मला लागलं. आज इतकी वर्षं ते मी बाळगून आहे. ते साहेब कधी रस्त्यात भेटले तर काय बोलायचं याची माझी तयारीही आहे, पण ते भेटत नाहीत.

यवतमाळच्या गाडीनं ती गेली तेव्हा तिची अंघोळीची जांभळी बादली माझ्याकडे ठेवून गेली. परत आली की लागेल म्हणून. ती आली नाही. तिकडेच लग्न, तिकडेच घर, घरातच दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास. दिवाळीला आमचा फोन होतो. बादलीची कडी तुटली, मग तिच्यात मी कढीपत्ता लावला, मग तोही गेला.

मी राहिले. बंगल्यातून कंपनी उठली, मी दुसरीत गेले, तिसरीत गेले. हिंजवडीला वावरांतून रस्ते निघाले आणि त्या रस्त्यांवर आम्ही आमची उमर बसमध्ये बसून घालवली. मधल्या काळात प्राध्यापक गेला असावा. साइट दुसऱ्या कुणाकडे गेली. कुणीही येऊन दुरुस्ती करावी, अशी ती झाली, आणि पान आता मोकळ्या जागा गिळत नव्हतं. सगळी पानं एकसारखी दिसावीत म्हणून नव्या मंडळींनी खालची नावं आणि गावं उडवली. पुणे गेलं, फिनलंड गेलं, ब्राझील गेलं. कोबोलमधली लिहिणाऱ्याच्या नावाची ओळही कुणीतरी कापली. मी अधूनमधून जाऊन बघायचे. पण पहिल्या सहा जागा तशाच होत्या. ते काय आहे हे न कळल्यामुळे कुणी हात लावला नव्हता. मला त्याचा फार आधार होता, हे आत्ता कळतंय. या शहरात वर्षा राहून गेली याची दुसरी काही खूण नाही. कॉटची खोली पाडली, बंगला पाडला, कॅफेचा केक झाला. ती होती ती त्या सहा जागांत.

आणि काल ट्रेनिंग. शनिवारी ट्रेनिंग ठेवणाऱ्यांच्या मनात माणसांबद्दल काय असतं कोण जाणे. शिकवणारा अर्णव माझ्या मुलाच्या वयाचा, हुशार, तोंडभर हसणारा. विषय, थोडक्यात कसं लिहावं. त्यानं पडद्यावर दोन उदाहरणं शेजारी शेजारी लावली. डावीकडे नव्या भाषेतली एक ओळ, उजवीकडे खालपर्यंत न मावणारं कोबोल. "गाइज, नावं सॉर्ट करायला एवढं! आणि हे बघा, प्रत्येक लाइनला वर्षा, वर्षा, वर्षा. देवाचा जप चाललाय की काय!"

हॉल हसला. संगीता, ज्योती, मंगल, सिंधूकाकू, सगळ्या पडद्यावर होत्या आणि हॉल हसत होता.

चहाला मी त्याला गाठलं. "अर्णव, ते नाव आहे," मी म्हटलं.

"कसलं नाव, मॅम?"

"माझ्या मैत्रिणीचं. तिनं लिहिलंय ते."

"ओह. सॉरी, मॅम. रिअली सॉरी. मला वाटलं जुना कीवर्ड असेल काहीतरी."

मी त्याला सगळं सांगितलं. कार्डं, सहा जागा, पान गिळायचं ते, बोटांवर मोजलेलं. हातातला कप विसरून तो ऐकत होता. "किती भारी आहे हे," तो म्हणाला, आणि मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं.

जेवणानंतर त्यानं तेच पान परत लावलं. पहिल्या सहा जागा कोऱ्या होत्या. त्यानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. नंतर जवळ येऊन हळूच म्हणाला, "क्लीन केलं, मॅम. साइटवर पण लगेच एडिट मारला. सगळ्या पेजेसवर. कुणाचं नाव असं पब्लिकमध्ये नको ना, प्रायव्हसीचा इश्यू असतो."

त्यानं मान राखायला म्हणून केलं. माझं ऐकून केलं. बसमध्ये बसल्यावर मी साइट उघडून पाहिली. बदलाची नोंद होती, इंग्रजीत, तिचं मराठी एवढंच होतं: अनावश्यक मजकूर काढला, निकालात फरक पडत नाही.

बस वाकडच्या पुलाशी तुंबली होती. पुढे बस, मागे बस, प्रत्येकीत माना टाकून झोपलेली पोरं. यातल्या कितीकांना असंच कुणीतरी गोड बोलून सांगणार आहे, की फरक पडत नाही. मला काच फोडावीशी वाटली. बंद होती, एसी होता.

तर आज मी या पायरीवर येऊन बसले. दुकानातून आवाज आला, "अहो ताई, पायरीवर बसू नका. गिऱ्हाइकं येतात."

"अर्धा किलो पायनॅपल द्या," मी म्हटलं. "आता मीच गिऱ्हाईक. बसू?"

त्यानं केक खोक्यात घालून दिला. मी वर्षाला फोन लावला. तिकडे कुकर वाजत होता.

"बोल वं पुणेकर. दिवाळी तर नाही आज."

मी सांगितलं. हॉल, हसणं, अर्णव, कोऱ्या जागा. माझा आवाज चढला असणार, कारण केकवाला बाहेर डोकावून गेला.

"जाऊ दे न," वर्षा म्हणाली. "पोरानं चांगल्यासाठीच केलं. प्रोग्रॅम तर चालते न?"

"चालतो."

"मंग झालं तर. तू काहून एवढी तापून राहिली?"

मला तिचाच राग आला. ही अशीच. त्या दिवशी केबिनमधून अशीच आली होती, चांगलं बोलले म्हणत. "वर्षा," मी म्हटलं, "इतकी वर्षं होतं ते. काल सकाळपर्यंत होतं."

कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"काल सकाळपर्यंत?" ती म्हणाली.

"हो."

"मले वाटलं, तेव्हाच काढलं असन." मग तिनं विचारलं, "सगळ्या ओळींवर होतं?"

"प्रत्येक ओळीवर. सगळ्या पानांवर."

दाराशी क्लासची मुलं आली असावीत, कुणीतरी मॅडम, मॅडम करत होतं. तिनं त्यांना थांबा म्हटलं. असं ठणकावून बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"मंग घाल न परत," वर्षा म्हणाली. "काहून काढलं त्यानं? माह्यं होतं ते."

आणि फोन ठेवला.

मी केकचा खोका शेजारी ठेवला, चपला काढून पाय मोकळे केले आणि मोबाइलवर पहिलं पान उघडलं. अंगठ्यानं एकेका ओळीच्या सुरुवातीला जाऊन अक्षरं भरत गेले. व्ही, ए, आर, एस, एच, ए. चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हतं, दोनदा चुकलं, पुसून पुन्हा घातलं. ऊन पायरीवरून वर सरकलं. संगीताच्या ओळीपुढे वर्षा आली, सिंधूकाकूंच्या ओळीपुढे वर्षा आली. कुणी पुन्हा काढेल, मी पुन्हा घालीन. मला आता दुसरं काम नाही असं समजा.

पान जपून ठेवायच्या आधी खाली एक चौकट आली, बदलाचं कारण विचारणारी. मी मराठीत लिहिलं. ज्याला कळणार नाही त्यानं चार जणांना विचारत बसावं.

फरक पडतो, एवढंच लिहिलं, आणि पुढचं पान उघडलं.